खामचा गाळ काढायचा कसा आणि टाकायचा कुठे?

नदीत पोकलेन उतरले की पुलावरून जाणारी माणसे गाडी थांबवून बघत राहतात. छत्रपती संभाजीनगरातील छावणीचा लोखंडी पूल त्याला अपवाद नाही. खाली खाम नदी, पात्रात यंत्र आणि यंत्राच्या बकेटमधून निथळणारा काळाकुट्ट गाळ. गाळ निघाला म्हणजे नदी साफ झाली, असे वाटणे साहजिक आहे. पण निथळून पुन्हा पाण्यात पडलेला तो काळा रस वाहत जाऊन शेवटी जायकवाडीच्या जलाशयाकडेच जातो, आणि शहराचे पिण्याचे पाणी जायकवाडीतूनच येते.

हा गाळ काळा का असतो? सांडपाण्यातील मैला कुजताना तळाशी ऑक्सिजन उरत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू मग पाण्यातील सल्फेटवर गुजराण करतात आणि सल्फाइड तयार करतात. त्याची लोहाशी संयुगे होतात, तो हा काळा रंग. शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे यांसारखे धातूही सल्फाइडशी बांधले जाऊन तळाशी पडून राहतात. तोवर ते फारसा त्रास देत नाहीत. गाळ ढवळला की मात्र सल्फाइडची ऑक्सिजनशी गाठ पडते. पाण्यातील ऑक्सिजन झपाट्याने खर्ची पडतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात आणि बांधलेले धातू सुटे होऊ लागतात. म्हणजे निष्काळजीपणे काढलेला गाळ न काढलेल्या गाळापेक्षा काही काळ तरी अधिक त्रासदायक ठरतो.

येथे बकेटचा आकार महत्त्वाचा. पोकलेनची नेहमीची बकेट खोऱ्यासारखी असते. ती गाळ खरवडत यंत्राकडे ओढते आणि उघड्या तोंडाने वर येते. जमिनीवर खोदायला उत्तम, पाण्याखाली मात्र ती ढवळणीच करते. ‘क्लॅमशेल’ बकेट, म्हणजे शिंपल्यासारखी दोन पाळ्यांची, सरळ खाली उतरते. पाळ्या उघड्या असतात, त्या स्वतःच्या वजनाने गाळात रुततात आणि मग मिटतात. क्रेनवर हे काम तारांनी होते, पोकलेनवर हायड्रॉलिक दाबाने. एक घनमीटर ओला गाळ सव्वा ते दीड टन भरतो, त्यामुळे लांब बूम लावली की बकेट लहान घ्यावी लागते, नाहीतर यंत्रच पुढे कलंडायचे. अशा ग्रॅबचा एक नावाजलेला कारखाना इंग्लंडमधील हल शहरातल्या प्रीस्टमन बंधूंचा. 1702च्या लढाईत स्पेनच्या व्हिगो खाडीत बुडालेल्या जहाजांवरचे सोने काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडून ग्रॅब बनवून घेतला गेला. धंदा मात्र पुढे चालला तो बंदरांतील चिखलावर.

दूषित गाळासाठी पाळ्यांच्या कडा एकमेकींवर नीट बसतील आणि वरूनही झाकण राहील, अशी बकेट वापरतात. अमेरिकेत हडसन नदीतला पीसीबी या विषारी रसायनाचा गाळ 2009 ते 2015 या काळात अशाच बकेटांनी काढला गेला. पाण्यातील पीसीबी ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की काम थांबवायचे, हा नियम होता आणि 2009 मध्ये तसे थांबवावेही लागले. यंत्र चांगले असूनही सांडणे पूर्ण थांबत नाही, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती चिंध्यांची. दोन पाळ्यांच्या मध्ये जुनी साडी, प्लास्टिकचे पोते किंवा एखादा दगड अडकला की तोंड मिटत नाही आणि महागडी बकेट चाळणी होते. त्यामुळे आधी कचरा वेचायचा, मग गाळाला हात घालायचा. शिवाय खामसारख्या उथळ पात्रात क्लॅमशेलचा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. उन्हाळ्यात बांध घालून धार बाजूला वळवावी आणि कोरड्या पात्रात साध्या पोकलेनने गाळ उचलावा, हे अधिक शहाणपणाचे. क्लॅमशेलची गरज पुलालगतच्या डोहात, तलावात किंवा बंदराच्या धक्क्याजवळ, जिथे पाणी हटवता येत नाही.

काठावर उभ्या माणसांसाठी खरा धोका हायड्रोजन सल्फाइडचा. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, ही समजूत जिवावर बेतू शकते. उघड्या हवेत सहसा तेवढी वेळ येत नाही, पण पुलाखाली, नाल्याच्या बंदिस्त तोंडाशी उतरणाऱ्या कामगाराकडे वायुमापक हवाच. गंबूट आणि हातमोजे लेप्टोस्पायरोसिससाठी. डासांबद्दलही एक गैरसमज आहे. नदीच्या घाणीत वाढतो तो बहुतेक क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा एडिस घरातल्या पाण्याच्या ड्रममध्येच सापडेल, त्याला पोकलेनचा उपयोग नाही.

आणि बाहेर काढलेला गाळ? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना 2017ची. तलावांचा सुपीक गाळ शेतात नेणे तिच्यामुळे लोकांच्या अंगवळणी पडले. शहरातून वाहणाऱ्या नदीच्या गाळाला मात्र हा न्याय लावता येत नाही. त्यात कारखान्यांचे धातू असू शकतात आणि ते पालेभाजीतून थेट ताटात येतात. म्हणून आधी प्रयोगशाळेत तपासणी, मग निर्णय.

खामच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिका, छावणी परिषद, वरॉक फाउंडेशन आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी 2021च्या सुमारास हाती घेतले आणि ते वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस सेंटर पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. त्यात यंत्रांइतकाच वाटा कचरा आणि सांडपाणी पात्रात येण्याआधीच अडवण्याचा होता. कुठल्याही नदीत काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला, तर मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत तो पुन्हा पात्रात उतरतो. ढीग उचलण्याची तारीख म्हणूनच कंत्राटात लिहावी लागते, आणि ती जूनच्या आधीची असावी लागते.