लोणारचा दगड चंद्रावर नेला तर?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. उल्केच्या आघाताने तेथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. तेथला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. चंद्रावर व मंगळावरही हा खडक आहे. म्हणून तिकडची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. पण लोणारचा दगड चंद्रावर नेला, तर तो इथल्याइतकाच जड लागेल काय? नाही. त्याचे कारण मुलाबाळांसह समजून घेऊ या.

दगडातील द्रव्य कुठेही नेले तरी तेवढेच राहते. त्याला वस्तुमान म्हणतात. वजन मात्र ग्रह त्याला किती जोराने ओढतो यावर ठरते. ग्रहाचे वस्तुमान दुप्पट असेल, तर ओढ दुप्पट. पण त्रिज्या, म्हणजे ग्रहाच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर दुप्पट असेल, तर ओढ चौथाई. न्यूटनचा हा नियम आहे. म्हणून वस्तुमानाच्या पटीला त्रिज्येच्या पटीच्या वर्गाने भागायचे.

चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या एक्क्याऐंशीवा भाग आहे. तेवढाच हिशोब धरला, तर ६० किलोचा दगड पाऊण किलोसुद्धा भरणार नाही! पण चंद्राची त्रिज्याही ३.६७ पट लहान आहे. आपण त्याच्या मध्याच्या जवळ असतो, त्यामुळे ओढ सुमारे साडेतेरा पट वाढते. शेवटी उरतो सहावा भाग. दगड १० किलोसारखा लागेल. याच कारणाने चंद्रावर आघात झाला, की उडालेले दगड इथल्यापेक्षा फार दूर जाऊन पडतात.

आता युरेनस घ्या. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट, पण त्रिज्या चौपट. साडेचौदाला सोळाने भागा. उत्तर एकापेक्षा कमी! तोच दगड तेथे सुमारे ५४ किलोचा. ग्रह मोठा म्हणून वजनही मोठे, हा समज खरा नाही.

एक गंमत लक्षात ठेवा. हा फरक ताणकाट्यावर दिसेल. दोन पारड्यांच्या तराजूत दिसणार नाही, कारण दगडाबरोबर मापेही हलकी होतील.

मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या ०.१०७ पट व त्रिज्या ०.५३ पट आहे. पालकांनी हा हिशोब मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर २३ किलोच्या आसपास आले, तर बरोबर.