वेबसाइटचे फोटो ठेवायचे कुठे? डेटाबेसमध्ये की फोल्डरमध्ये? जाणून घ्या

ऑनलाइन दुकान असो वा बातम्यांची साइट, अपलोड केलेला फोटो सर्व्हरवर दोन प्रकारे साठवता येतो. एक, थेट डेटाबेसमध्ये, वस्तूचे नाव आणि किमतीसोबत. दुसरा, सर्व्हरच्या फोल्डरमध्ये. अशा वेळी डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता राहतो. वर्डप्रेस दुसरी पद्धत वापरते.

फोल्डरचा फायदा काय?
वेब सर्व्हर फोटो थेट पाठवतो, डेटाबेसवर ताण येत नाही. डेटाबेसचा आकारही आटोक्यात राहतो.

मग डेटाबेस कशासाठी?
माहिती आणि फोटो एकत्रच सेव्ह होतात, एकत्रच डिलीट होतात. वस्तूची नोंद काढली, पण फोटो सर्व्हरवर तसाच पडून राहिला, असे होत नाही.

वेग कुठे जास्त?
हे फोटोच्या आकारावर ठरते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००६ मध्ये एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोजची फाइल सिस्टीम यांची तुलना केली. २५६ केबीपेक्षा लहान फाइलसाठी डेटाबेस, तर १ एमबीपेक्षा मोठ्या फाइलसाठी फाइल सिस्टीम सरस ठरली. एसक्यूलाइटच्या चाचणीतही सुमारे १० केबीच्या छोट्या फाइल डेटाबेसमधून अंदाजे ३५ टक्के अधिक वेगाने वाचल्या गेल्या.

सर्वात मोठा धोका कोणता?
बॅकअपचा. फोटो फोल्डरमध्ये आणि बॅकअप फक्त डेटाबेसचा, अशा स्थितीत सर्व्हर बिघडला तर पत्ते परत मिळतील, फोटो नाही. त्यामुळे साइट सांभाळणाऱ्याला आजच विचारा : बॅकअप दोन्हींचा होतो का, आणि तो रिस्टोअर करून पाहिला आहे का?