पोरीची वही, आईची बोली

दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात आम्ही मुलांचा अभ्यास घेतो. पाचवीतल्या एका मुलीने निबंधाची वही दाखवली. ‘माझी आई पहाटे उटून पानी भरते.’ वही तांबड्या शाईने भरलेली. पोरगी म्हणाली, “ताई, आता मी निबंध लिहिणारच नाही.” ‘पानी’पेक्षा हे बोलणेच आम्हाला जास्त लागले.

आपल्या कित्येक घरांत ‘पानी’ म्हणतात. त्यात लाज कसली? ती आपल्या आईची, आजीची बोली आहे. पण परीक्षेत आणि अर्जात प्रमाण लेखनच लागते. म्हणून बोली जपावी आणि लेखनाची रीतही शिकावी. शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचा शब्दकोश व व्याकरण तयार केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात छापले. व्याकरण ही कुणाची मिरासदारी नाही.

मराठी लेखनाचे नियम डोंगराएवढे नाहीत. शासनाने १९६२ साली १४ व १९७२ साली आणखी ४ मान्य केले. त्यातले दोन आधी शिकवा. शब्दाच्या शेवटची वेलांटी व उकार दीर्घ : वही, पाणी, लाडू. ‘आणि’, ‘परंतु’ असे थोडे अपवाद. दुसरा : फूल, वीट, तूप हे दीर्घ, पण प्रत्यय लागला की फुलाचा, विटेवर, तुपात असे ऱ्हस्व.

मुलाने रोज घरातल्या घडामोडींवर पाच ओळी लिहाव्यात व मोठ्याने वाचून दाखवाव्यात. आईला अक्षरओळख नसली तरी चालेल. सुटलेला शब्द, अर्धवट वाक्य तिच्या कानाला बरोबर कळते. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक धरावी. या आठवड्यात फक्त ‘न’ आणि ‘ण’. चुकलेला शब्द दहा वेळा गिरवून घेण्यापेक्षा त्याची दोन नवी वाक्ये करून घ्यावीत. आणि चूक दाखवण्याआधी, काय चांगले लिहिले ते सांगावे.

त्या मुलीला आम्ही असेच महिनाभर शिकवले. गेल्या रविवारी तिने लिहिले : ‘माझी आई पहाटे उठून पाणी भरते. मी तिला हंडा उचलू लागते.’ दुसरे वाक्य तिने आपणहून लिहिले होते.

आज रात्री जेवणे झाली की आपल्या मुलाची वही मागा. रागावू नका. फक्त म्हणा, “वाच बाळा, मी ऐकते.”