शास्त्रातली भाकर

आमच्या आजीच्या पवित्र शास्त्राचं पहिलं कोरं पान मी आतल्या कित्येक अध्यायांपेक्षा जास्त वेळा वाचलंय. तीन हस्ताक्षरांत बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, मयतांच्या तारखा, आणि खाली कोपऱ्यात ‘शेळी व्याली, दोन करडं’. तेविसाव्या स्तोत्राच्या पानावर तेलकट अंगठ्याचा डाग आहे. त्या स्तोत्रातला मेंढपाळ कोण, हे तिला पाळकसाहेबांनी समजावण्याची गरज नव्हती. दिवाळी झाली की आमच्या रानात मेंढ्या बसवायला येणारा धनगर तिनं जन्मभर पाहिला होता. काठी, घोंगडी, पाय मोडलेलं कोकरू खांद्यावर. पॅलेस्टाइन तिच्यासाठी नगर जिल्ह्यातच कुठंतरी होतं.

मराठी ख्रिस्ती लेखनाची चारशे वर्षं चाळताना मला हाच धागा मोलाचा वाटतो. या लेखनातला मोठा भाग वादाचा: आमचा धर्म खरा, तुमचा खोटा. तो आज वाचवत नाही. टिकलं ते शास्त्र चुलीजवळ, बांधावर, प्रवासात वाचणाऱ्यांचं.

सुरुवात दणक्यात झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1616 मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत! नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या कानांना ओवीच हवी होती. स्टीफन्सनं ती दिली आणि स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलं. पुढं पोर्तुगीज सत्तेनं देशी भाषांवर बंदीचा बडगा उगारला, तरी हे पुराण लोकांनी गाऊन आणि हातानं उतरवून जपलं. पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही.

एकोणिसाव्या शतकाचं काम घाईनं उरकतो, कारण त्यात उत्साह फार आणि रस कमी. विल्यम कॅरीनं पंडित वैजनाथांच्या मदतीनं बंगालातल्या श्रीरामपूरला 1811 मध्ये मराठी नवा करार काढला. अमेरिकन मिशननं 1842 मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. बाबा पदमनजींच्या लेखनात वाद पुष्कळ, पण 1857 च्या ‘यमुनापर्यटन’ कादंबरीत ते विधवांच्या दुःखाकडं वळतात आणि तिथं त्यांची लेखणी ओली होते.

मग नारायण वामन टिळक. 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार दिला आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत, आणि त्यांचे अभंग वाचले की ते पटतं. मिशनऱ्यांची भजनं इंग्रजी चालींवर लंगडत होती, टिळकांनी त्यांना टाळ-मृदंगाच्या लयीत आणलं. आजही मराठी उपासनेत त्यांची गीतं गाताना मंडळीचा आवाज आपोआप मोकळा होतो.

पण घरातली श्रद्धा पाहायची तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडं जावं. नवरा ख्रिस्ती झाला आणि सोवळ्यात वाढलेली ही बाई मुलाला घेऊन मागं राहिली. तिचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, 1900 मध्ये. या काळात तिचा सोवळ्याशी चाललेला झगडा ‘स्मृतिचित्रे’ या तिच्या आत्मचरित्रात आहे. त्यात धर्मशास्त्राची जड भाषा नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, जात देवानं केली की माणसानं, असे तिचे प्रश्न आहेत, आणि उत्तर शोधताना ती स्वतःवरही हसते. ग्रंथांच्या ढिगाऱ्यांनी जे साधलं नाही, ते या हसण्यानं साधलं असं मला वाटतं. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्यही तिनंच पुरं केलं.

पंडिता रमाबाईंची वाट उलटी. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या बाईनं बायबल मराठीत आणताना संस्कृतच बाजूला ठेवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं त्या या कामात बुडालेल्या होत्या. अडाणी बाईला कळेल असाच शब्द हवा, आणि ज्या शब्दाला जुन्या दर्शनांचा वास येतो तो नको. म्हणजे स्टीफन्सनं ज्या दारातून आत प्रवेश केला, ते दार रमाबाईंनी जाणूनबुजून लावून घेतलं. छपाईचं काम आश्रमातल्या मुलींनी केलं. 1922 मध्ये त्या वारल्या आणि पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. माझ्या कानाला स्टीफन्स जवळचा, पण धैर्य रमाबाईंचं मोठं.

कॅथलिक बाजूला मिस्साचा उपासनाविधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्ये होता. तो लोकभाषेत आल्यावर मराठीची गरज एकदम वाढली. ती ओळखणाऱ्यांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं होते. ‘सुवार्ता’चं संपादन, ‘हरित वसई’ची चळवळ, आणि साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारं ‘सुबोध बायबल’: या साऱ्यात प्रवचन आणि बागायत वेगळी काढता येत नाहीत. 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, 2024 मध्ये गेले.

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी माणूस देवाकडं भाकर मागतो, ब्रेड नव्हे. नगरला ती बाजरीची, वसईत तांदळाची. तिकडची ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. आमच्याकडं हंगामाच्या सणाला वेदीपुढं कणसं, कोंबडा, कधी भोपळा येतो, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लहानपणी मला लिलावच खरी उपासना वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. वर आलेली ठळक मराठी नावं पाहा: टिळक पती-पत्नी आणि रमाबाई, तिघंही ब्राह्मण घरांतली. दख्खनच्या मंडळ्या मात्र बहुतांशी महार आणि मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्यांचं शास्त्रवाचन पुस्तकांत क्वचितच आलं. ते राहिलं कीर्तनांत. डफ, चौंडकं, पेटी घेऊन उधळ्या पुत्राची गोष्ट रात्रभर रंगवणाऱ्या माणसांनी ती वह्यांत लिहून ठेवली. आढावा घेणाऱ्यांनी, माझ्यासकट, त्या वह्या कधी मागितल्याच नाहीत.

तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, तर यंदाच्या आवराआवरीत ती रद्दीत घालू नका. आधी पानापानाचा फोटो काढा आणि घरातल्या थोरल्या माणसाकडून चाल म्हणून घ्या.