भोंगा वाजल्यानंतरचा पहिला तास

आजचा विषय युद्धाचा आहे, पण सीमेवरच्या लढाईचा नाही. युद्ध चालू असताना आपल्या गावात आग लागली, माणसं जखमी झाली, नळाचं पाणी गेलं, तर धावायचं कोणी? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या भाषेत हा कर्तव्याचा प्रश्न आहे. आणि मासवणमध्ये तो विचारायला सबळ कारण आहे.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. त्यासाठी २४४ नागरी संरक्षण जिल्हे निवडले होते आणि धोक्यानुसार त्यांचे वर्ग पाडले होते. महाराष्ट्रात पहिल्या वर्गात तीनच नावं : मुंबई, उरण आणि आपलं तारापूर. तारापूर का, हे उघड आहे. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र चालू आहे. २००५-०६ मध्ये आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. बोईसरला लागून रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे.

भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला त्यावर सह्या झाल्या, आणि दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. चांगली गोष्ट आहे. पण या करारात रसायनांच्या टाक्या येत नाहीत, रेल्वे येत नाही, पाण्याचे पंप येत नाहीत. तेव्हा करार आहे म्हणून निवांत बसता येत नाही.

आता भोंग्याकडे या. खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका, एकसारखा लांब आवाज म्हणजे धोका टळला. एवढं आपल्याला तालमीत शिकवतात. पण ज्ञान म्हणून बघा, भोंगा किती सांगतो? 'धोका आहे' एवढंच. कोणता धोका, ते सांगत नाही. हवाई हल्ला असेल तर खाली व्हायचं, खंदकात किंवा सखल जागी आडवं पडायचं. क्लोरीनची टाकी फुटली असेल तर नेमकं उलट! क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो सखल भागात साचतो. तिथे वाऱ्याची दिशा बघून आडवं निघायचं आणि उंचावर जायचं. किरणोत्सर्गाचा धोका असेल तर आधी घरातच थांबायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि पुढच्या सूचनेची वाट पाहायची. म्हणजे भोंगा ऐकून माणूस जे करील ते त्याला वाचवील किंवा मारील. फरक पडतो तो भोंग्यामागून येणाऱ्या एका वाक्याने. ते वाक्य गावात कोण बोलणार, हा खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा. मुळात तो युद्धासाठी होता. २००९ च्या दुरुस्तीने त्यात आपत्तीही आली. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, आणि अणुकेंद्राबाहेरच्या आणीबाणीत सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. २००५ च्या कायद्यात ग्रामपंचायतही 'स्थानिक प्राधिकरण' आहे. माणसं प्रशिक्षित ठेवणं, साधनं तयार ठेवणं हे तिचं कर्तव्य लिहून ठेवलं आहे.

इथे एक गंमत आहे, आणि ती काही हसण्यासारखी नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या १८ विषयांमध्ये अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत ती नाही. घटनेने मानलं की खेडं म्हणजे शेती, पाणी, रस्ता, शाळा. पण बोईसरसारखं गाव घ्या. कारखाने, चाळी, भाड्याने राहणारे हजारो कामगार, आणि वर्षानुवर्षं कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे! बंब औद्योगिक वसाहतीचा, रुग्णवाहिका राज्याची १०८ ची, पोलीस जिल्ह्याचे. कान्टचा एक विचार आम्ही वर्गात शिकवायचो : 'तू हे केलं पाहिजेस' असं म्हणताना 'तुला ते करता येतं' हे गृहीत असतं. पंचायतीवर कर्तव्य टाकलं आणि साधन दिलं नाही, तर कागद पूर्ण होतो, पण कर्तव्य होत नाही.

मग पंचायतीने हात वर करायचे का? नाही. कौटिल्याचं अर्थशास्त्र बघा. आगीबद्दल त्याचे नियम फार रोकडे आहेत. प्रत्येक घरात पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, आकडा हवा. नसेल तर दंड. आग लागल्यावर जो घरमालक धावत नाही त्याला १२ पण दंड, भाडेकऱ्याला ६ पण. दोन हजार वर्षांपूर्वी त्याने ओळखलं होतं की पहिला घागरभर पाण्याचा हात शेजाऱ्याचाच असतो. आणि बघा, भाडेकरूसुद्धा त्यातून सुटलेला नाही. बोईसरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराचं नाव गावाच्या यादीत नसेल, त्याला कळेल अशा भाषेत सूचना नसेल, तर आपली योजना अर्ध्या गावाचीच झाली.

दुसरं उदाहरण १९७१ चं. डिसेंबरात भुजच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायकांनी ती ७२ तासांत दुरुस्त केली. पंचायतीकडे यंत्रं नव्हती. कोणाला हाक मारायची आणि कोण येईल, हे ठाऊक होतं. साधन नसतं तेव्हा ओळख हेच साधन असतं.

आता आपल्या दारात या. मासवणला सूर्या नदीचं पाणी उचलतात, ते धुकटणला शुद्ध होऊन थेट वसई-विरारपर्यंत जातं. इथले पंप बंद पडले तर त्याची झळ मासवणपुरती राहत नाही. बंबाला पाणी लागतं, दवाखान्याला लागतं. युद्धकाळात पंपावरचा माणूस हा जवानाइतकाच मोक्याच्या जागी उभा असतो. त्याला पर्यायी माणूस कोण, वीज गेली तर जनरेटरचं डिझेल कुठून, हे आज ठरलेलं हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पहिला तास गावाचा असतो, त्यानंतर जिल्हा येतो. त्या तासासाठी पंचायतीला तोफा लागत नाहीत. अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बायका, डायलिसिसचे रुग्ण यांची यादी आशाताईंकडे असते, ती वापरा. विहिरी, टँकर, ट्रॅक्टर कोणाकडे आहेत ते लिहा. कोणत्या धोक्याला कोणतं वाक्य बोलायचं आणि ते सरपंच, पोलीस पाटील की आणखी कोणी बोलायचं, ते ठरवा. वीज आणि फोन दोन्ही गेले तर देवळाची घंटा, मशिदीचा भोंगा की दवंडी, तेही ठरवा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात. त्यातली एक यासाठी द्या, आणि तिचा ठराव तहसीलदारांकडे पाठवून साधनं मागा. भांडून मागा. कर्तव्य आपण मान्य केलं की साधनं मागायचा हक्क आपोआप पक्का होतो.

प्रश्न असतील तर आता विचारा.