मुद्दाम बिघडवलेला आवाज

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडच्या चाहत्यांत ‘गोटलॉर्ड’ या अल्बमला फारसा मान नाही. अल्बम आला १९९६ साली, पण त्यातलं वादन १९९०-९१च्या तालमींचं आहे. बँडचा ड्रमर फेनरिझने त्यावर गायन चढवलं ते १९९४मध्ये. मला हा बँड उलगडला तो मात्र या टाकून दिलेल्या टेपमुळेच. ज्यांना उत्तम वाजवता येतं, त्यांनी भिकार आवाजाचा हट्ट का धरावा, हे कोडं मला कॉलेजपासून छळत आलंय. मेहेम हा बँड, जळालेली चर्चं, ऑस्लोतलं ‘हेल्वेटे’ हे दुकान, हा नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा इतिहास इथे पुन्हा उगाळत नाही.

ऑस्लोलगतच्या कोल्बोट्नमधल्या या पोरांनी १९८६ साली ‘ब्लॅक डेथ’ नावाने सुरुवात केली. पहिला अल्बम, ‘सोलसाइड जर्नी’ (१९९१), अस्सल डेथ मेटल. स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ, तोमास स्कोग्सबर्गचा हात, भरदार गिटार. ‘गोटलॉर्ड’ ही त्याच्यापुढची पायरी होती. त्यात ताल क्षणाक्षणाला कूस बदलतो, रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटी, एकमेकींत अडकतात. म्हणजे वाट सरळ कसबाच्या शिखराकडे चालली होती. १९९१मध्ये त्यांनी ती सोडली आणि ब्लॅक मेटलची खरखरीत वाट धरली. बेसवादक डाग निल्सनला हे पटलं नाही. तो बँडमधून बाहेर पडला, तरी नव्या ध्वनिमुद्रणात पाहुणा म्हणून वाजवून गेला.

ऑगस्ट १९९१मध्ये कोल्बोट्नच्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ तयार झाला आणि भांडण पेटलं. अल्बम काढणारी कंपनी होती इंग्लंडमधल्या ड्यूजबरीची पीसव्हिल. तिचा मालक पॉल हॅल्मशॉ, सगळ्यांचा हॅमी, याला गिटारचा आवाज फारच पातळ वाटला. पुन्हा मिक्स करा, असा त्याचा आग्रह. बँडचं उत्तर होतं: आहे तसाच काढा, नाहीतर आम्ही मेहेमच्या युरोनिमसच्या डेथलाइक सायलेन्स या कंपनीकडे जातो. हॅमीने माघार घेतली आणि १९९२मध्ये अल्बम जसाच्या तसा निघाला.

या प्रसंगात हॅमीला खलनायक ठरवायची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. त्याने करार केला होता डेथ मेटल बँडशी. हाती पडलं भलतंच. गंमत वेगळीच आहे. पीसव्हिलचा जन्म अराजकवादी पंकच्या कॅसेटींतून झाला. खरखरीत, घरगुती आवाजाची ती परंपरा हॅमीच्या घरचीच, आणि तोच सफाई मागत होता! बँडचा कायापालटही चाहते सांगतात तितका झटक्यात झालेला नाही. ‘ब्लेझ’च्या काही गाण्यांत जुन्या डेथ मेटल रिफ अजून श्वास घेताना ऐकू येतात.

‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’मध्ये (१९९४) तोही श्वास उरला नव्हता. सगळी वाद्यं एकट्या फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर वाजवून ध्वनिमुद्रित केली. बँडचा गायक-गिटारवादक नॉक्टर्नो कल्टोने फक्त गळा दिला. ड्रम एकाच ठेक्यावर धावतात, गिटारची तार अखंड थरथरते, खालचे सूर जवळजवळ गायब. मला हा त्यांचा सर्वांत सुंदर अल्बम वाटतो, आणि सर्वांत लाजिरवाणाही. आठपैकी चार गाण्यांचे शब्द ब्लॅक मेटल संगीतकार वर्ग विकेर्नेसचे. ज्या युरोनिमसकडे जायची धमकी दिली होती, त्याचाच खून ऑगस्ट १९९३मध्ये या विकेर्नेसने केला होता. मागच्या वेष्टनावर संगीताला ‘आर्यन’ म्हणवणारी ओळ. वर टीकाकारांना ‘ज्यू’ वागणुकीचं दूषण देणारं पत्रक. पीसव्हिलने हात झटकले, बँडने माफी मागितली. आम्ही नाझी नाही, असा खुलासा पुढच्या अल्बमवर छापला. त्या अल्बमचं नाव? ‘पान्झरफाउस्ट’, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं रणगाडाभेदी अस्त्र!

नंतरची दहा वर्षं भरभर ओलांडायला हरकत नाही. ‘द कल्ट इज अलाइव्ह’पासून (२००६) पंक उघडपणे आत आलं, २०१३च्या ‘द अंडरग्राउंड रेझिस्टन्स’वर ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल, तर ‘इटर्नल हेल्स’वर (२०२१) संथ, जड डूम मेटल. कट्टर चाहते याला गद्दारी म्हणाले. मला तर १९९१चीच चाल दिसते: समोरच्याला काय हवंय हे कळत असूनही ते न देणं. पुढे ‘ब्लेझ’ नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि फेनरिझ, ‘मला मत देऊ नका’ असा प्रचार करूनही, नगरपरिषदेवर राखीव सदस्य म्हणून निवडून आला. दोन्ही किस्से मजेचे आहेत. पण ज्या हट्टाने ‘ब्लेझ’ वाचवला, त्याच हट्टाने १९९४चं वेष्टन छापखान्यात पाठवलं. पहिल्याचं कौतुक करणाऱ्याने दुसऱ्याला पोरकटपणा म्हणून सोडून देऊ नये.