नव्या जटेचं काय करायचं?

मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही मिटली, सगळ्या उठल्या, पण एक बाई मागं रेंगाळली. तिच्या सुनेला बाळंत होऊन तीन महिने झाले होते. सुनेच्या डाव्या कानामागं केसांचा लिंबाएवढा गोळा झाला होता. घरात कुणीतरी म्हणालं, "यल्लम्मा आली." झालं! गोळ्याला भंडारा लावला आणि तिथं कंगवा लावायचा नाही असं ठरलं. बाई मला हळूच म्हणाली, "ताई, सोडवली तर कोप होईल का हो?"

तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

आपल्या डोक्यातून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. गळालेला केस कंगव्यात येतो, आपण त्याचं गुंतवळ करून बाजूला ठेवतो. पण कंगवाच फिरला नाही तर तो केस जाणार कुठं? शेजारच्या केसांना गुंडाळून तिथंच राहतो. केसाला बाहेरून माशासारखे बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. खवल्यात खवला अडकतो. वर तेल, धूळ, घाम. मेंढीची लोकर ओली करून मळली की ती दाबून तिचं जेन होतं, एकेक धागा पुन्हा सुटा होत नाही. जटेचं तसंच आहे.

आता बघा, बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस नेहमीपेक्षा जास्त गळतात. त्याच वेळी बाई तान्ह्या पोरात अडकलेली, तिला वेणीला वेळ कुठला? लांब आजारपण, डोक्यात उवा, मन खचलेलं असणं, या सगळ्यांत हेच होतं. आणि एकदा "देवीची आहे" म्हणून कंगवा बंद केला की जट वाढणारच. मग वाढली म्हणून ती देवीचीच, असं हे फिरतं. भंडाऱ्यानं ती आणखी चिकटते, हे वेगळंच.

नवी जट, म्हणजे काही आठवड्यांची, बहुतेक वेळा न कापता सुटते. मात्र आधी पाणी ओतू नका, पाण्यानं गुंता आणखी आवळतो. रात्री खोबरेल तेल भरपूर चोळून मुरू द्या. दुसऱ्या दिवशी उजेडात बसा. एका हातानं जट मुळाशी घट्ट धरा, म्हणजे ओढ डोक्याच्या कातड्याला बसत नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी टोकाकडून थोडे थोडे केस मोकळे करा. मुळाकडून सुरुवात केली तर सगळा गुंता खाली गोळा होतो आणि बाई रडकुंडीला येते. बोटांनी सैल झालं की मोठ्या दातांचा कंगवा घ्या, बारीक फणी अगदी शेवटी. एका बैठकीत नाही झालं तर उद्या करा. मग शिकेकाई नाहीतर शाम्पूनं धुऊन पूर्ण वाळवा. उवा-लिखा असतील तर त्यांचं औषध आरोग्य केंद्रात विचारा. जखम, पू किंवा घाण वास असेल तर घरचे उपाय नकोत, डॉक्टरला दाखवा.

जुनी, दगडासारखी झालेली जट मात्र कापावीच लागते. कातडी आणि जट यांच्यामध्ये कंगवा आडवा सरकवायचा आणि त्याच्या वरून कात्री चालवायची, म्हणजे डोक्याला इजा होत नाही. जट कापली की रक्त येतं असं सांगतात. केसात ना रक्त असतं ना नस. कातडी कापली गेली तरच रक्त येईल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, वर्षभरात बोटाएवढे होतात.

पण कात्री घेऊन कुणाच्या अंगावर धावू नका. डोकं तिचं आहे. माझ्या आत्याच्या डोक्यात जट होती. मान अवघडायची, एकाच कुशीवर झोपायची, उन्हाळ्यात डोकं खाजवून रडायची. तरी कात्री म्हटलं की थरथर कापायची. तिची भीती खरी होती, तिला हसून काय उपयोग? आम्ही वर्षभर नुसतं बोलत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, आधी पूजा करू, मग काढा. केली पूजा. काहींना हे पटत नाही, पण मला त्यात काही वाईट दिसलं नाही.

जटेवरून मी एवढं बोलते त्याचं कारण नुसती मानदुखी नाही. आपल्याकडं आणि सीमेपलीकडं कर्नाटकात जट म्हणजे देवीचं बोलावणं असं मानून कितीतरी पोरी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडल्या गेल्या. डोक्यातल्या गुंत्यापायी पोरीचं लग्न, शाळा, सगळं गेलं. कर्नाटकानं 1982 साली कायदा केला. त्यात मुलीची संमती असो वा नसो, तिला देवाला सोडणं बेकायदा ठरवलं. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा 2005 सालचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या गावोगावी जाऊन बायांना समजावून जटा काढतात. तुमच्या गावात गरज असेल तर त्यांना बोलवा.

आता कुणी म्हणेल, गोव्याच्या किनाऱ्यावर पोरं हौसेनं जटा करून घेतात, त्यांचं काय? त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं आणि उद्या कंटाळा आला तर ते कापून टाकतात. तुमच्यात कुणी समजून-उमजून जट ठेवणारच असेल तर तिनं निदान ती धुवावी, उन्हात आतपर्यंत वाळवावी, तेल-राख थापू नये, आणि मुळाशी शेजारचे केस बोटांनी वेगळे करत राहावं. ओली राहिली की कुबट वास येतो, खाज सुटते.

त्या सुनेची जट दोन दुपारी बसून सुटली. पहिल्या दिवशी सासू दारातच उभी होती, जवळ येईना. दुसऱ्या दिवशी तीच तेलाची वाटी धरून बसली. निघालेलं गुंतवळ मूठभर झालं. सासूनं ते कागदात बांधून दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी केसांवर भांडी देणारी आली तेव्हा तिला देऊन टाकलं.